काकांच्या रिव्हॉल्व्हरचं साल कसं सापडलं

काका गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर सीताबर्डीतल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. परवाना चुलतभावाच्या नावे करायचा तर नोंदी जुळायला हव्यात. जुन्या कागदावर क्रमांकाचे नुसते आकडे आणि 'निर्मिती १९१४'. नळीवर १९१४ कोरलंय खरं, पण ती स्मिथ अँड वेसन या अमेरिकन बंदूक कंपनीच्या पेटंटची तारीख! या तारखेनं भल्याभल्यांना फसवलंय.

विक्रेत्यानं आधी सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री केली, मगच मूठ उलटी धरली. तळाला दोरीची कडी. एका बाजूला आकडे, दुसरीकडे मळात बुजलेलं एकटं 'व्ही'. हीच व्हिक्टरी मॉडेलची, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या दुसऱ्या महायुद्धातल्या रिव्हॉल्व्हरची खूण. १९४२ मध्ये कंपनीचे अनुक्रमांक दहा लाखांवर गेले, तेव्हा 'व्ही'पासून नवी मालिका सुरू झाली. १९४४ च्या अखेरीस घोड्याची सुरक्षायंत्रणा बदलली आणि 'एसव्ही' आलं. आमच्यात 'एस' नाही, म्हणजे हे १९४२ ते ४४ मधलं. सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि नळीखालीही तोच क्रमांक होता, म्हणजे हे भाग मूळचेच.

मळ काढायला तेलाचा बोळा पुरतो. पॉलिश पेपर लावणाऱ्याला मात्र हात जोडावेत.

विक्रेत्याचं पत्र आणि फोटो जोडून पोलीस आयुक्तालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. 'व्ही'सकट नोंद झाली.