थ्री पिन टॉप बसवायच्या आधी

इस्त्रीचा टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, जळाला, दुकानातून नवा आणला, दहा मिनिटांचं काम. बरोबर आहे, पण आधी सामान काढून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर, कटर, टेस्टर. मल्टीमीटर नसेल तर शेजाऱ्याकडून आणा, शेवटी लागणार आहे. इस्त्री सॉकेटमधून काढलेली हवी हे काय सांगायचं!

टॉप घेताना दुकानातच उघडून बघा. आत वायर जिथून शिरते तिथे एक छोटी पट्टी असते, दोन स्क्रूंची. ती आहे का? दोन्ही स्क्रू आहेत का? ही पट्टी म्हणजे वायरची क्लॅम्प. मागच्या वेळी मी ती काढून टेबलावर ठेवली आणि टॉप बंद करून मोकळा झालो. इस्त्री मस्त तापायची. मग एकदा हँडलखालच्या पत्र्याला बोट लागलं आणि झिणझिण्या आल्या. टॉप उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर स्क्रूतून निसटून आत लोंबत होती. फेज (वीज आणणारी) किंवा न्यूट्रल (परत नेणारी) निसटली तर इस्त्री बंद तरी पडते. अर्थिंग गेलं तर काहीच कळत नाही, कपडे कडक इस्त्रीचे होत राहतात. म्हणून पट्टी.

आता वायर. वॅटला 230 ने भागा. हजार वॅटची इस्त्री साडेचार अँपिअरच्या आत बसते, तिला 6 अँपिअरचा टॉप आणि 1 एमएमची वायर भरपूर झाली. दोन हजार वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे 16 अँपिअरचा मोठा टॉप आणि दीड एमएम. तीन हजारच्या गीझरला अडीच. वायरीवर माप छापलेलं असतं, आयएसआयचा शिक्काही, आणि पीव्हीसी वायर असेल तर आयएस 694 हा आकडा. टॉपसाठी आयएस 1293. छापील काहीच नसेल तर ती वायर स्वस्त का आहे ते कळलंच. इस्त्रीला सुती वेष्टणाची वायर घ्या, साधी पीव्हीसी तापलेल्या तळाला टेकली की वितळते. आणि तीन कोअरची, म्हणजे आत तीन वायरी असलेली! दोन कोअरची वायर थ्री पिन टॉपला जोडून देणारे महाभाग अजून आहेत. अर्थिंगची पिन तिथे नुसती शोभेला.

काही टॉपचं झाकण वायरीत आधी ओवावं लागतं. तिन्ही स्क्रू आवळून झाल्यावर हे आठवलं तर सगळं पुन्हा सोडा.

कोअर सोलताना अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. वायर ओढली गेलीच तर ती सगळ्यात शेवटी ताणली जावी. टोकाला तांबं सेंटिमीटरभर उघडं, त्याहून जास्त नको. तारा पिळून घ्या. भोकात मावत नाहीत म्हणून चार तारा छाटायच्या नाहीत. छाटल्यात तर तेवढ्या जागी वायर बारीक झाली, तिथेच तापणार. टोकाला डाग देऊन (सोल्डर करून) कडकही करू नका, शिसं स्क्रूखाली दबत जातं आणि जोड ढिला पडतो.

तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी. डावं-उजवं लक्षात ठेवू नका, टॉप उलटा धरला की गोंधळ होतो. आत एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थिंग) कोरलेलं असतं ते वाचा. जाड, लांब पिन अर्थिंगची.

आता पट्टी. तिच्याखाली बाहेरचं जाड आवरण आलं पाहिजे, आतल्या रंगीत वायरी नव्हेत. आवरण जास्त सोललं गेलं असेल तर वायर कापून पुन्हा सुरुवात करा, कंटाळा करू नका. सुती वायरीचे धागे सुटतात, टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या आणि मग पट्टी आवळा. झाकण लावायच्या आधी टॉप एका हातात धरून वायर दुसऱ्या हाताने ओढून बघा. आतल्या तीन वायरी जराही हलता कामा नयेत. हलल्या? पट्टी पुन्हा आवळा. हलत नाहीत? तरी एकदा ओढा.

मग मल्टीमीटर. अर्थिंगची पिन ते इस्त्रीचा तळ, जवळपास शून्य ओहम. इस्त्रीची चकती फिरवून एल ते एन, हजार वॅटला पन्नासच्या आसपास. एल ते ई काहीच दाखवायला नको. नुसत्या टेस्टरवर भागवू नका, तो फेज दाखवतो, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

सॉकेट काळवंडलं असेल तर तेही बदला, मेन बंद करून. पंधरा मिनिटं वापरून टॉपला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. गीझर एक्स्टेंशन बोर्डावर नाही. जुना टॉप फेकायच्या आधी त्याची पट्टी काढून डब्यात टाका.