गेमिंग लॅपटॉप घेताना आधी वॅट बघा

ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच, तरी एका लॅपटॉपवर गेम पळतो नि दुसऱ्यावर अडखळतो. फरक वॅटचा, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते त्याचा. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०५० हे कार्ड लॅपटॉपात ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असतं, आणि स्टिकरवर हा आकडा बहुधा नसतोच.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानात गेलात की डेमो पीस चार्जर लावूनच सुरू करायला सांगा.

१. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर वाचा. ६० वॅटच्या आत असेल तर भाव पाडून मागा, नाहीतर सोडा. कीबोर्डचे रंगीत दिवे बघून पैसे जास्त देऊ नका.
२. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ दिसलं, म्हणजे रॅमच्या दोन जागांपैकी एकच भरलेली असली, तर तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या रॅमचा खर्च किमतीत धरा.

बॅटरीवर चाचणी नको. वॅट आपोआप उतरतात नि चांगला लॅपटॉपही रडका वाटतो.