कालव्यातील युद्धनौकेचे जुने वृत्तछायाचित्र कसे तपासावे

असे छायाचित्र हाती आले, की बहुतेक जण ते लगेच उलटून मागचा मजकूर वाचतात. तसे करू नये. मजकूर एकदा वाचला, की डोळ्यांना तेच दिसू लागते.

प्रथम कालवा ओळखावा. सुएझ कालव्यात जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज चढवणारे-उतरवणारे दरवाजे असलेले हौद, नाहीत. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा उभ्या कातळकड्यांवरून लगेच लक्षात येतो. जहाज दोन भिंतींमध्ये जवळजवळ अडकल्यासारखे दिसत असेल आणि त्या भिंतींवर, रुळांवरून चालणारी विजेची छोटी इंजिने तारांनी त्याला मधोमध धरून ठेवत असतील, तर ते पनामाचे जलपाश मानायला हरकत नाही.

त्यानंतर मापे पडताळावीत. जिच्या डेकवर जपानने शरणागती पत्करली, ती अमेरिकेची ‘मिसुरी’ ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्ककडे जाताना पनामातून गेली. जलपाशाची रुंदी ११० फूट आणि नौकेची १०८ फूट २ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ११ इंच. जलपाशातल्या चित्रात नौका आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याचा रुंद पट्टा दिसत असेल, तर नाव ‘मिसुरी’चे असले तरी नौका दुसरी असावी. नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, क्रमांकही भिंगाने पाहावा; ‘मिसुरी’चा क्रमांक ६३.

मग चित्र उजेडात तिरके धरावे. वृत्तपत्रांतले कलाकार छपाईसाठी नौकेच्या कडा पांढऱ्या-करड्या रंगाने उठावदार करत, आणि तेवढा भाग चकचकीत पृष्ठभागावर मंद दिसतो. युद्धकाळात सेन्सॉर चित्रातून डोलकाठीवरचे रडारच पुसून टाकत, त्यामुळे रिकामी डोलकाठी पाहून नौकेचा काळ ठरवू नये.

आता मागची बाजू. तिथला तारखेचा शिक्का अनेकदा छापल्याचा किंवा फाइलला लावल्याचा असतो, टिपल्याचा नव्हे. एकाच प्रतीवर वेगवेगळ्या वर्षांचे शिक्केही सापडतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची तारेने चित्रे पाठवण्याची सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा त्या सेवेचा शिक्का आणि त्याआधीची तारीख यांचा मेळ बसत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर ‘१९४५ ची मूळ प्रत’ हा विक्रेत्याचा दावा सहसा टिकत नाही, कारण तशी चमक देणारी द्रव्ये छायाचित्राच्या कागदात १९५० च्या दशकापासून रुळली. कागद चमकला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

मागे चिकटवलेली मजकुराची पट्टी सोडवू नये, नोंद मऊ पेन्सिलीने कडेला करावी, आणि प्रत पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावी.