कॅनाल द्यू मिदीवर स्वतः बोट चालवायचीय? आधी लॉक शिका

फ्रान्सच्या दक्षिणेतल्या या कालव्यावर भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही, कंपनीवाले निघायच्या आधी थोडं शिकवतात आणि चावी हातात देतात. स्पीड लिमिट ताशी 8 किमी, त्यामुळे चालवणं अवघड नाही, खरी परीक्षा लॉकमध्ये असते. लॉक म्हणजे पुढे-मागे दरवाजे असलेला कालव्यातला कप्पा, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात.

पिएर-पॉल रिके नावाच्या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने 1666 मध्ये या कालव्याचं काम सुरू केलं. तुलूजपासून समुद्राकडे जवळपास 240 किमी, आणि मधला सगळ्यात उंच भाग नोरूझला, 189 मीटरवर. आता एवढ्या उंचीवर पाणी आणायचं कुठून? तर त्याने जवळच्या 'काळा डोंगर' (मोंतान्य न्वार) नावाच्या डोंगररांगेतले ओढे वळवून, सेंट फेरिओलला धरण बांधून पाणी तिथवर नेलं. मला अजूनही हे धाडस वाटतं. तो 1680 मध्ये गेला आणि कालवा 1681 मध्ये सुरू झाला. इथले जुने लॉक अंडाकृती आहेत, कारण सुरुवातीला सरळ भिंत ढासळली होती, वक्र भिंत मातीचा दाब जास्त पेलते.

याच आकारामुळे बोट भिंतीला सरळ टेकत नाही, म्हणून पुढे एक आणि मागे एक असे दोन दोर लागतातच. वर चढताना एकाला लॉकच्या आधीच काठावर उतरवा, तो वरून दोर घेईल, खुंट्याला फक्त वळसा घालून टोक परत बोटीत देईल. पाणी आत सुटलं की जोरात खेचाखेच होते, दोर ताणून धरायचा आणि बोट वर येईल तसा ओढत राहायचा. उतरताना उलटं, दोर सैल सोडत जायचा. गाठ मारायची नाही, कधीच नाही! पाणी खाली गेलं आणि दोर अडकला तर बोट भिंतीला लटकते. दोर हाताला गुंडाळू नका, आणि बोट भिंतीवर आदळतेय म्हणून मध्ये पाय घालू नका, त्यासाठीच फेंडर (बोटीच्या बाजूला लटकवलेले धक्का झेलणारे फुगे) असतात. उतरताना मागच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, बोटीची मागची बाजू त्याच्यावर बसली तर बोट कलंडू शकते, म्हणून थोडं पुढे राहा.

लाल दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे आत या. जेवणाच्या वेळी लॉक बंद असतात, तेव्हा घाई न करता आपणही जेवून घ्यायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आर्जां ते फोंसेरान हा टप्पा घ्या असं मी म्हणेन, सलग 54 किमी एकही लॉक नाही, त्यामुळे हात बसतो, वाटेत ल सोमाय गाव आहे, मालपासचा बोगदा आहे (एका वेळी एकाच दिशेने जाता येतं, समोर नीट बघून हॉर्न द्या) आणि कापस्तांगचा पूल इतका ठेंगणा की वर बसलेल्यांनी खाली यायचं, छत्री मिटायची, आणि बोट बरोबर कमानीच्या मधून काढायची. पुढे बेझिएला फोंसेरानची पायऱ्यांसारखी लॉकची रांग आहे, तिथे चढा-उतरायच्या वेळा ठरलेल्या असतात, आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

रात्री काठावर थांबताना बोटीतले लोखंडी खुंटे हातोडीने ठोका. झाडाला दोर बांधायला बंदी आहे, काठावरच्या प्लेन (चिनारच्या कुळातल्या) झाडांना 2006 पासून बुरशीचा रोग लागलाय आणि हजारो झाडं तोडावी लागलीत, उरलेल्यांची साल सोलवटली तर रोगाला वाटच मिळते.