बॉनेट लॅच त्रास देतंय? मग या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट लागत नाही, किंवा लागतं आणि मग उघडायचं नावच घेत नाही, की जो तो आधी लॅच (बॉनेट बंद धरून ठेवणारी कडी) बदलायला धावतो. नवीन पार्ट मागवायचा, बसवायचा आणि त्रास पुन्हा तोच. कारण लॅच बिचारं बरोबरच असतं, बॉनेटच जागेवर नसतं, आणि वाकडं बसलेलं बॉनेट कुठल्याही लॅचला नीट लागणार नाही.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीये म्हणून तीच आधी सांगतो. आतल्या नॉबपासून लॅचपर्यंत जाणारी केबल नवीन टाकली, लॅचजवळचा आऊटरचा (केबलच्या बाहेरच्या नळीचा) क्लॅम्प थोडा ढिला राहिला, आणि बघू लागतंय का म्हणून बॉनेट सरळ बंद केलं. मग आतून नॉब ओढला तर वायरबरोबर आऊटरसुद्धा सरकायला लागलं, लॅचपर्यंत ओढ पोचलीच नाही. शेवटी एकाने बरोबर लॅचच्या वरती तळहाताने बॉनेट खाली दाबून धरलं आणि दुसऱ्याने नॉब खेचला, बॉनेटला खालून असलेल्या, लॅचमध्ये अडकणाऱ्या पिनवरचा ताण कमी झाला आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला ‘खट्’ आवाज आला. तेव्हापासून नियम एकच, काम झालं की बॉनेट उघडंच ठेवायचं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने लॅच दाबून बंद स्थितीत न्यायचं, आतून नॉब ओढायचा आणि ते पूर्ण सुटतंय का बघायचं, असं निदान चार-पाच वेळा करायचं आणि मगच बॉनेट खाली आणायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण नेमकं हेच राहून जातं.

दुसरी चूक म्हणजे उलट्या क्रमाने ॲडजस्टमेंट. लागत नाही म्हटलं की लोक आधी पिन फिरवत बसतात. आधी बिजागऱ्या बघा, मग रबरी बफर (बंद बॉनेट ज्यांच्यावर टेकतं ते), मग पिन, केबल सगळ्यात शेवटी. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा, नसेल तर बिजागरीचे बोल्ट ढिले करण्याआधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे बिघडलंच तर निदान मूळ जागी परत येता येईल. बफर जास्त वर आलेले असले तर पिन पूर्ण आत जात नाही, आणि फार खाली असले तर बॉनेट चालत्या गाडीत खडखडतं.

पिन कुठे आपटतेय ते अंदाजाने ठरवू नका, टोकाला थोडं ग्रीस लावा आणि बॉनेट अलगद खाली टेकवा, ग्रीसचा ठिपका कुठे उमटतो ते बघितलं की लॅच कुठल्या बाजूला सरकवायचं ते आपोआप कळतं. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये पिनला लॉकनट असतो आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच असते, लॉकनट सैल करून एकावेळी अर्धा फेराच द्या, आणि झाल्यावर लॉकनट परत घट्ट करायला विसरू नका, नाहीतर इंजिनच्या थरथरीने पिन हळूहळू फिरत राहते.

बॉनेट आपटायचं तर अजिबात नाही. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, त्यावर नुसता जोरात तळवा दाबला तरी पोचा पडू शकतो. आपटल्याशिवाय लागतच नसेल तर सेटिंग चुकलेलं आहे, जोर लावून ते सुधारत नाही.

केबल ताणून बांधणं हीसुद्धा नेहमीची चूक. वाटतं, घट्ट असली की बरं. पण ढिलाई अजिबात नसली तर लॅच पूर्ण परत येत नाही, अर्धवट अडकतं, आणि बाहेरून बॉनेट लागल्यासारखं दिसतं. नॉबला अगदी थोडा मोकळा खेळ हवाच. जुनं वाळलेलं ग्रीस पुसल्याशिवाय वरून नवीन थापू नका, त्यात धूळ बसते आणि स्प्रिंग आळसावते. आधी स्वच्छ करा, मग पातळ थर पुरे.

केबल तुटून बॉनेट बंदच राहिलं तर पहार घालून पत्रा उचकटू नका. आतल्या नॉबपाशी वायरचं टोक बाहेर असेल तर ते ग्रिप प्लायरने घट्ट धरून सरळ रेषेत ओढा. ते नाही जमलं तर ग्रिलमधून किंवा खालून लॅचचा लिव्हर गाठावा लागतो, तेव्हा मात्र सळई बॅटरीच्या किंवा स्टार्टरच्या टर्मिनलला लागणार नाही एवढं जपा. हे पुन्हा नको असेल तर लिव्हरला एक जास्तीची वायर बांधा आणि तिचं टोक खाली, हाताला लागेल पण सहज दिसणार नाही असं अडकवून ठेवा, फक्त पंख्यापासून लांब.

आणि सेफ्टी कॅच, म्हणजे मुख्य लॅच सुटलं तरी बॉनेट धरून ठेवणारा दुसरा हूक. काम करताना मध्ये येतो म्हणून तो काढून ठेवणारे मी पाहिलेत आणि मला खरंच भीती वाटते. डॅटसन २४०झेड किंवा जॅग्वार ई-टाइपची बिजागरी पुढे असते, तिथे वारा बॉनेटला खालीच दाबतो. पण बिजागरी मागे असलेल्या गाडीत लॅच सुटलं की वारा खालून शिरतो आणि बॉनेट थेट काचेवर येतं, समोरचं काही दिसत नाही. तेव्हा मुख्य लॅच सोडून बॉनेट वर ओढून बघा, कॅचने ते धरलं नाही तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.