मधुमेह असलेल्यांनी आरोग्यविषयक बातम्या वाचताना या चुका टाळा

माझ्या वडिलांना मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली. २०२० च्या उन्हाळ्यात मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीमध्ये कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारे द्रव्य सापडल्याची बातमी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि त्यांनी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. टाळेबंदीमुळे तपासणी लांबली होती. उपाशीपोटीची साखर २६० आली, तेव्हा आम्हाला हा प्रकार कळला. ती बातमी खोटी नव्हती, आणि म्हणूनच या लेखाची सुरुवात तिच्यापासून करावीशी वाटते.

बातमी आपल्याच गोळीची आहे असे धरून चालणे

त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही कंपन्यांना मेटफॉर्मिनच्या ‘एक्सटेंडेड रिलीज’ प्रकारच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे ठरावीक साठे परत घेण्यास सांगितले, कारण त्यांत एनडीएमए या, कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या द्रव्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. ही कारवाई अमेरिकेच्या बाजारातील काही कंपन्यांच्या एका प्रकारच्या गोळ्यांपुरतीच होती. त्याच निवेदनात, डॉक्टर पर्याय देईपर्यंत रुग्णांनी गोळी सुरूच ठेवावी, असेही स्पष्ट लिहिले होते. मात्र ग्रुपवर फिरलेल्या मजकुरातून नेमके हेच वाक्य गळाले होते. अशी बातमी आली की प्रथम देश, कंपनी, गोळीचा प्रकार आणि बॅच क्रमांक पाहावा, स्ट्रिपचा फोटो काढून डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील फार्मासिस्टला पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत डोस चुकवू नये.

‘धोका असू शकतो’ आणि ‘किती प्रमाणात’ यांत गल्लत करणे

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य ‘२ बी’ गटात टाकले, तेव्हा चहात गोडीची गोळी टाकणारे अनेक जण घाबरले. हा गट पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगतो. किती खाल्ल्याने किती धोका होतो, हे सांगत नाही. ‘२ बी’मध्ये पुरावा मर्यादित मानला जातो, आणि त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. प्रमाणाचा विचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच वेळी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसासाठी ती २,४०० मिलिग्रॅम होते, तर एका डाएट शीतपेयाच्या कॅनमध्ये साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते. या बातमीमुळे कोणी गोड खाणेच कमी केले, तर ते चांगलेच. पण गोळी सोडून पुन्हा साखरेकडे किंवा ‘गूळ चालतो’ म्हणून गुळाकडे वळणे ही मात्र नुकसानीची अदलाबदल आहे, कारण गुळानेही रक्तातील साखर साखरेइतकीच वाढते.

‘मधुमेह उलटवता येतो’ हे वाक्य अटींशिवाय वाचणे

या दाव्यामागे खरे संशोधन आहे, त्यामुळे तो सरसकट खोटा ठरवणेही चूकच. डायरेक्ट या ब्रिटनमधील चाचणीत कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्या गटातील ४६ टक्के लोकांची साखर वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. परंतु त्यात फक्त टाइप २ मधुमेह असलेले, निदान होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेले, वजन जास्त असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक होते. दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरींचा तो आहार तीन ते पाच महिने वैद्यकीय देखरेखीखाली दिला गेला होता, आणि दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अठरा वर्षांचा मधुमेह, त्यात मूत्रपिंडाची तक्रार, अशा माणसाने व्हिडिओ पाहून घरच्या घरी हा आहार सुरू करणे धोक्याचे आहे. टाइप १ मधुमेहात तर शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे तेथे हा मुद्दा लागूच होत नाही.

‘नैसर्गिक’ पूड घेऊन साखर उतरली, म्हणजे ती निर्धोक आहे असे मानणे

कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांबद्दल मला आकस नाही. मात्र लेबल नसलेल्या पुडीने दोन दिवसांत साखर झपाट्याने उतरत असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. अशा ‘वनौषधी’ उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी नेहमीची औषधे मिसळलेली तपासण्यांत वेळोवेळी आढळली आहेत. आपली गोळी आणि ही पूड एकत्र पोटात गेली की घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीपर्यंत साखर उतरू शकते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, एवढे जरी लक्षात ठेवले तरी असे कित्येक संदेश तिथल्या तिथे बाजूला ठेवता येतात.

बातमी वाचून औषध आधीच बंद केले असेल तर

राहिलेले डोस एकदम घेऊ नयेत. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर मोजावी, किती दिवस औषध घेतले नाही ते लिहावे आणि डॉक्टरांना फोन करावा. मेटफॉर्मिन बरेच दिवस बंद असेल, तर पोट बिघडू नये म्हणून ते पुन्हा कमी मात्रेपासून वाढवत नेतात. पूड किंवा काढा घेतला असेल, तर संकोच न करता पुडी सोबत न्यावी. इन्सुलिन बंद केलेल्या माणसाला खूप तहान, उलट्या, पोटदुखी किंवा खोल आणि जलद श्वास सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.