भीती आणि ‘मीच वाईट’ हे डोक्यातून काढायचं कसं

जय ख्रिस्त. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि डोक्यात जुनी उजळणी सुरू होते, आईला तसं का बोललो, तेव्हा खोटं का बोललो, देव आता माझ्याकडे बघत तरी असेल का. त्यात सातपूर-अंबडला कॉन्ट्रॅक्टवर काम असेल किंवा निफाडकडे द्राक्षबाग असेल तर उद्याचं टेन्शन वेगळंच. अशा माणसाला नुसतं ‘विश्वास ठेव’ सांगून भागत नाही, करायचं काय ते सांगायला हवं.

आधी कागद घ्या (मोबाईल नको, मोबाईल हातात घेतला की झोप गेलीच) आणि जे टोचतंय ते लिहा. मग बघा, ते नेमकं आहे की मोघम. ‘भावाला पैशांबद्दल खोटं सांगितलं’ हे नेमकं आहे, ते देवाजवळ कबूल करता येतं, १ योहान १:९ मध्ये तो क्षमा करतो असं स्पष्ट लिहिलंय, आणि सकाळी उठून भावाला फोन लावता येतो. पण ‘मी माणूसच फालतू आहे’ यात कबूल काय करणार? प्रकटीकरण १२:१० मध्ये रात्रंदिवस दोष लावणारा म्हणून सैतानाचंच वर्णन आहे. असली वाक्यं सरळ खोडायची आणि शेजारी रोमकरांस ८:१ लिहायचं, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

इथे येशूचे दोन शिष्य, ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा नाकारणारा पेत्र आणि तीस नाण्यांसाठी त्याला धरून देणारा यहूदा, दोघांना शेजारी ठेवून वाचा, मला तरी यातून जेवढं कळलं तेवढं दहा प्रवचनांतून नाही कळलं. पस्तावले दोघंही. यहूदाने तर तीस नाणी परत नेली, ‘मी पाप केलं’ असं तोंडाने म्हणाला, पण म्हणाला कोणाला, तर याजकांना, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय! मग तो एकटाच निघून गेला. पेत्र रडला पण बाकीच्या शिष्यांना धरून राहिला. योहान २१ मध्ये येशू किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटवून मासे भाजतोय, आणि पेत्राने नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्याच विस्तवापाशी शेकत उभा होता. पण ‘का नाकारलंस’ हा प्रश्न नाहीच, तीनदा विचारलं काय तर माझ्यावर प्रेम आहे का, आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं पाळ. म्हणजे चुकल्यावर कोणाकडे जाताय यावर सगळं आहे.

आणि कबुली एकदाच. तेच पाप रोज नव्याने मांडत बसायचं नाही. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, त्यांच्या वडिलांच्या सासऱ्यांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाली आणि वडिलांनी सोवळ्याचा असा धसका घेतला की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. भीतीने धुवायला बसलं की धुणं संपत नाही, मग धर्म कुठला का असेना.

भीतीचं म्हणाल तर ती लपवून प्रार्थना करू नका. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. मार्क ९:२४ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, एवढी प्रार्थना पुरते, मोठ्याने म्हणा. मागणं फक्त उद्यापुरतं ठेवा, कर्जाचा सगळा डोंगर नको, उद्या बँकेत साहेबांशी बोलायची हिंमत दे, बस. आणि सकाळी भीती असली तरी बँकेत जायचं. भीती गेल्यावर जाऊ म्हणाल तर दिवाळी येईल.

एक माणूस मात्र धरून ठेवा. पाळकसाहेब, मंडळीतली एखादी आजी, कॅथलिक असाल तर फादरकडे पापनिवेदन. गावभर करणारा नको.

आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतंय, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर कलस्सैकरांस ४:१४ दाखवा, पौलाबरोबर लूक वैद्य होताच की. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.